शेजारी उठला, शेजारी पडला

शाहूपुरीत गुळाच्या वखारीवर दुसरा मजला,
रात्रीचे पावणेदोन.
मागच्या साली मुंग्यांनी स्विचमध्ये घर केलं,
तेव्हापासून आम्ही रॅकच्या पायांभोवती
हळदीची रेघ ओढतो. मॅन्युअलात हे नाही.

स्क्रीनवर गारगोटीचा राउटर
उठतो, हात मिळवतो
आणि तीन मिनिटांनी पडतो.
पुन्हा उठतो.
लॉगमध्ये त्याला शेजारी म्हणतात.
पन्नासेक किलोमीटरवरचा शेजारी.

करार साधा आहे:
दर मिनिटाला एकदा म्हणायचं, मी आहे.
तीन मिनिटं ऐकू आलं नाही
तर समोरचा गेला असं धरायचं,
त्याने सांगितलेल्या सगळ्या वाटा पुसायच्या.
तेराव्यापर्यंत थांबायचं नाही.

फोनवर दस्तगीर मुल्लाणी, गारगोटीच्या टॉवरखाली,
मोटरसायकलच्या सीटवर लॅपटॉप.
केबल बघितलीस? हं.
अर्थिंग? हं.
बॅटरी? हं.
लई बोलणारा गडी, आज नुसतं हं.

चार वाजल्यापासून गावोगावच्या केंद्रांतून
दूध येणार: कोड, लिटर, फॅट.
वाट नसेल तर आकडे कागदावर,
आणि कागदावरच्या फॅटवरून
सकाळी सातला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

टायमर वाढवून बघितला.
पडला, फक्त उशिरा पडला.
पासवर्ड जुळवले. पत्ते जुळवले.
तीनशे पिंग मारले, तीनशेच्या तीनशे परत आले,
हजेरीला हात वर करणाऱ्या पोरांसारखे.
ज्या वाटेने हाक जाते
त्याच वाटेने गोष्ट का जात नाही,
हे काही केल्या उमजेना.

मग पिंग मोठे केले.
हजार बाइट: गेलं.
चौदाशे: गेलं.
चौदाशे बहात्तर, वर शिक्का, फोडू नका:
गप्प.
पुन्हा मारलं. गप्प.

म्हणजे मधे कुठेतरी एक बुटकं दार.
‘मी आहे’ त्यातून वाकून निघून जातं.
पण ओळख झाली की हे दोघे
सगळ्या वाटांची यादी एकदम सांगायला घेतात.
यादी दारात अडकते,
आणि तिच्यामागे रांगेत उभं असलेलं
पुढचं ‘मी आहे’ही अडकतं.
चांगला जिवंत असून
मेलेल्यात जमा होतो,
मोठं बोलायला गेला म्हणून.

“मुरगूडच्या टाकीवरचा डबा कुणी बदलला रे?”

हं आलं नाही.
मी घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिलो. उगाच मोजत.

“सर, वीज पडली हुती.”
थांबला.
“बुधवारी.”
त्याच्या बाजूला कुठंतरी कुत्रं भुंकलं.
“जुना जळला. पगारातनं कापत्यात,
म्हणून सांगितलं न्हाई.”
“लक्ष्मीपुरीतनं आणला. वापरलेला. आठशेला.”
“बहिणीचं...”
आणि ते राहिलं.

मी म्हटलं, हं.

दोन्ही टोकांना मर्यादा घातली:
एका दमात तेराशे साठच्या वर बोलायचं नाही.
तीन वाजून बत्तीस मिनिटं. शेजारी उठला.
तीन मिनिटं झाली.
चार.
मी चहाला उठलो नाही. सातव्या मिनिटाला
पाय मुंग्या येऊन बधिर झाले,
तरी खुर्ची हलवली नाही.

नोंदवहीत लिहिलं: मुरगूड, वीज पडून डबा जळाला.
तात्पुरता बसवला, खर्च रुपये आठशे, देणे.
‘देणे’खाली रेघ मारली.

चार वाजून सहा. कडगाव.
म्हैस, साडेसहा लिटर, फॅट सात पॉइंट एक.
खाली वखारीत कुणीतरी शटर उचललं.
गुळाचा वास जिन्यावरून वर आला.

दस्तगीर अजून लाइनवर होता.
बहिणीचं काय, मी विचारलं.
“सांगतो,” म्हणाला, “जरा जरा करून.”
सांग, म्हटलं.
दूध चालू झालंय.